एलियनच्या नावाने सरकारी हायवे : नेवाडाच्या वाळवंटातल्या १५८ किलोमीटरची गोष्ट

मोबाईलवर मॅप उघडा आणि अमेरिकेतलं लास व्हेगास शोधा. तिथून नकाशा वर सरकवत गेलं की गावांची नावं विरळ होत जातात आणि सगळीकडे मातकट रंग पसरतो. त्यातून एक बारीक रेघ वायव्येकडे जाते. ती झूम केली की नाव दिसतं, एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे. म्हणजे परग्रहवासीयांचा महामार्ग.

कुणी टवाळखोराने मॅपवर टाकलेलं हे नाव नाही. नेवाडा राज्य सरकारने रीतसर दिलेलं नाव आहे. रस्त्यावर सरकारी हिरवी पाटी आहे आणि पाटीवर उडत्या तबकड्यांची चित्रं आहेत. ही पाटी इतक्या वेळा चोरीला गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यावर इतके स्टिकर चिकटवले, की बऱ्याचदा खालची अक्षरंच वाचता येत नाहीत.

आता एवढ्या ओसाड जागी एलियन कुठून आले? आणि सरकारला त्यांचं नाव रस्त्याला द्यावंसं का वाटलं? रीलमध्ये ही गोष्ट तीस सेकंदांत उरकते. पण तिच्यात गुप्त विमानं आहेत, खोटे फोटो वाटणारा एक लष्करी अधिकारी आहे, आणि आजारी पडलेले काही कामगार आहेत ज्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी रस्ता कसा आहे ते बघू

कागदोपत्री हा नेवाडा स्टेट रूट ३७५. क्रिस्टल स्प्रिंग्जपासून वॉर्म स्प्रिंग्जपर्यंत ९८ मैल, म्हणजे साधारण १५८ किलोमीटर. नावं ऐकून दोन्हीकडे बरी गावं असतील असं वाटतं, पण दोन्ही टोकांना नांदतं गाव असं काही नाही. अंतर जवळपास मुंबई-पुण्याएवढं आणि दिवसाला गाड्या साधारण दोनशे. आपल्याकडच्या एखाद्या टोलनाक्यावर एवढ्या गाड्या काही मिनिटांत निघून जातात.

रस्ता दोन लेनचा. हॅनकॉक समिट नावाचा घाट उतरला की समोर टिकाबू खोरं उघडतं. काटेरी जोशुआ ट्री, पलीकडे करडे डोंगर, आणि त्या डोंगरांपर्यंत पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ रस्ता. बरीच जमीन मोकळ्या चराईची आहे, कुंपण नाही, त्यामुळे रात्री गाडी चालवताना खरी भीती गायींची असते. अंधारात काळी गाय रस्त्याच्या मधोमध उभी असली तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

या अख्ख्या पट्ट्यात माणसांची वस्ती म्हणावी अशी जागा एकच, रेचेल. २०२० च्या जनगणनेत तिथे ४८ लोक होते. या खोऱ्यात जन्मलेल्या पहिल्या बाळाचं नाव गावाला दिलं गेलं. जवळच्या टंगस्टनच्या खाणीवर गाव उभं राहिलं आणि १९८८ मध्ये खाण बंद पडली. खाणीवरचं गाव खाण बंद झाल्यावर ओस पडतं, हा जगभरचा अनुभव आहे. रेचेल मात्र टिकलं, आणि ते का टिकलं हे पुढे येईलच.

रेचेलच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पलीकडे साधारण चाळीस किलोमीटरवर ग्रूम लेक आहे. लेक फक्त नावाला, पाणी नाही. मिठाचा सपाट, टणक तळ. याच तळाला लागून अमेरिकन हवाई दलाचा तो प्रसिद्ध तळ आहे, एरिया ५१.

आकाशात खरंच काहीतरी दिसत होतं

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या भागात विचित्र वस्तू पाहिल्याचं सांगणारे सगळे लोक खोटारडे किंवा नशेत नव्हते. त्यांना आकाशात खरंच काहीतरी दिसत होतं.

१९५५ मध्ये सीआयए आणि लॉकहीड कंपनीने ग्रूम लेकवर यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या सुरू केल्या. सोव्हिएत रशियावरून उडायचं, फोटो काढायचे आणि कुणाच्या हाती लागायचं नाही, असं हे काम. त्या काळात प्रवासी विमानं १० ते २० हजार फुटांवरून जायची, लष्करी विमानंही ४० हजारांच्या खालीच असायची. यू-२ उडायचं ६० हजार फुटांच्या वर. एवढ्या उंचीवर माणूस विमान नेऊ शकतो, हे लोकांच्या डोक्यातच नव्हतं.

आता सूर्यास्ताची वेळ डोळ्यासमोर आणा. २० हजार फुटांवरच्या प्रवासी विमानासाठी सूर्य क्षितिजाखाली गेलाय, आजूबाजूला अंधार पडलाय. पण ६० हजार फुटांवर अजून ऊन आहे. सुरुवातीच्या यू-२ चे पंख चांदीसारखे चकचकीत होते. त्या उन्हात ते झळाळायचे आणि खालच्या पायलटला दिसायचं, की आपल्या कितीतरी वर एक जळता गोळा शांतपणे सरकतोय. पायलट इमानेइतबारे रिपोर्ट करायचा. जमिनीवरच्या लोकांनाही कधीकधी हेच दिसायचं.

हे रिपोर्ट जायचे हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’कडे. १९५२ ते १९६९ या काळात या प्रकल्पात १२,६१८ नोंदी जमा झाल्या आणि त्यातल्या ७०१ चा उलगडा झाला नाही. गंमत अशी, की तपास करणारे अधिकारी यू-२ च्या उड्डाणांच्या नोंदी मागवून ताडून बघायचे. बऱ्याचदा वेळ आणि जागा तंतोतंत जुळायची. पण पत्र पाठवणाऱ्याला खरं कारण सांगायची सोयच नव्हती. विमान गुप्त, मग उत्तरही गुप्त.

सीआयएचा स्वतःचा इतिहास २०१३ मध्ये बऱ्याच प्रमाणात खुला झाला. १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९६० चं दशक, या काळातल्या निम्म्याहून जास्त यूएफओ नोंदी यू-२ आणि त्यानंतरच्या हेरविमानांच्या होत्या, असा दावा त्यात आहे. यूएफओवाल्या अभ्यासकांना हा आकडा फुगवलेला वाटतो, आणि ‘निम्म्याहून जास्त’ हे मोजमाप जरा सैल आहे, हेही खरंच. पण यंत्रणा काय होती ते कळतं.

यू-२ नंतर ए-१२ आलं, १९६२ मध्ये. आवाजाच्या तिप्पट वेग आणि टायटॅनियमचं अंग. १९७७ मध्ये रडारला चकवणाऱ्या ‘हॅव ब्लू’ची चाचणी झाली आणि १९८१ मध्ये त्यातूनच घडलेल्या एफ-११७ ची. काळं, कोनाकोनाचं, विमानासारखं न दिसणारं विमान. सरकारने ते आपल्याकडे आहे हे कबूल केलं नोव्हेंबर १९८८ मध्ये. म्हणजे मधली सात वर्षं नेवाडाच्या रात्रीत ते उडत होतं आणि बघणाऱ्याकडे त्याच्यासाठी शब्दच नव्हता.

ज्या वस्तूसाठी शब्द नसतो तिला हाताशी असलेला शब्द चिकटतो. चंद्रपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून आगीच्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं पडलं. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, आणि व्हॉट्सॲपवर अर्थातच एलियन. निघाला चिनी रॉकेटचा तुकडा. फरक एवढाच, की लाडबोरीच्या कड्याचा खुलासा लवकर झाला. ग्रूम लेकच्या दिव्यांचा खुलासा व्हायला काही दशकं लागली आणि तोवर लोकांनी आपापली उत्तरं शोधली होती.

एक मुलाखत आणि एक पत्रपेटी

तरीही १९८९ पर्यंत हा विषय मोजक्या हौशी लोकांपुरता होता. त्या वर्षी मे महिन्यात लास व्हेगासच्या केएलएएस या टीव्ही चॅनलवर पत्रकार जॉर्ज नॅप यांनी एका माणसाची मुलाखत दाखवली. चेहरा अंधारात, नाव बदललेलं. नोव्हेंबरमध्ये तो चेहऱ्यानिशी समोर आला, बॉब लझार. त्याचं म्हणणं असं, की ग्रूम लेकच्या दक्षिणेला एस-४ नावाची जागा आहे, तिथे नऊ उडत्या तबकड्या ठेवल्यात, त्या कशा चालतात हे शोधायचं काम त्याला दिलं होतं आणि त्यांचं इंधन आहे ११५ क्रमांकाचं मूलद्रव्य.

लझारने एमआयटी आणि कॅलटेकमध्ये शिकल्याचं सांगितलं. दोन्हीकडे त्याची नोंद सापडली नाही. ११५ वं मूलद्रव्य २००३ मध्ये प्रयोगशाळेत खरंच तयार झालं आणि पुढे त्याला मॉस्कोव्हियम नाव मिळालं. पण ते सेकंदभरही टिकत नाही. त्यावर तबकडी चालवायची म्हणजे चाळणीत पाणी भरून नेण्यासारखं आहे. लझारचे चाहते म्हणतात, त्याच्याकडचं ११५ वेगळ्या प्रकारचं, टिकणारं होतं. असलं काही आजवर कुणी दाखवलेलं नाही.

पण मुलाखतीने व्हायचं ते काम झालं होतं. बुधवारी रात्री तबकड्यांच्या चाचण्या होतात आणि त्या हायवेच्या बाजूने दिसतात, हे लझारने सांगितलं होतं. मग लोक निघाले. आता एवढ्या सपाट वाळवंटात भेटायचं कुठे? खूण म्हणून एकच वस्तू होती, एका पशुपालकाची रस्त्याकडेची काळी पत्रपेटी. झालं, ‘ब्लॅक मेलबॉक्स’ हे यूएफओवाल्यांचं तीर्थक्षेत्र बनलं. लोक रात्र-रात्र तिथे थांबू लागले, पेटीत एलियनसाठी पत्रं टाकू लागले. बिचाऱ्याची रोजची टपाल त्यात हरवायची, कुणी पेटीवर गोळ्याही झाडायचं. शेवटी १९९६ मध्ये त्याने गोळी भेदणार नाही अशी कुलूपबंद पेटी बसवली. ती पांढरी होती, तरी लोक तिला काळी पेटीच म्हणत राहिले.

तिथे थांबणाऱ्यांना दिवे दिसायचे का? दिसायचे की. जवळच नेलिस हवाई तळाचं सरावक्षेत्र आहे. तिथे पॅराशूटला बांधलेले फ्लेअर सोडतात, ते आकाशात सोनेरी गोळ्यासारखे बराच वेळ तरंगतात आणि पटकन विझतात. पहाटे पाचच्या आसपास न चुकता दिसणाऱ्या एका ‘तबकडी’ला तर लोकांनी टोपणनावही दिलं होतं. ते होतं लास व्हेगासहून कामगारांना तळावर आणणारं बोइंग ७३७. पांढऱ्या अंगावर लाल पट्टा असलेली ही विमानं आजही रोज ये-जा करतात आणि रेडिओवर त्यांची ओळख असते ‘जॅनेट’.

खोटे फोटो कुणी वाटले?

जून २०२५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने पेंटॅगॉनच्या एका चौकशीतला तपशील छापला. १९८० च्या दशकात हवाई दलाचा एक कर्नल एरिया ५१ जवळच्या एका बारमध्ये गेला आणि मालकाला काही फोटो देऊन आला. फोटोत उडत्या तबकड्या होत्या आणि फोटो बनावट होते. ते भिंतीवर लागले आणि चर्चा पसरली. निवृत्तीनंतर या अधिकाऱ्याने २०२३ मध्ये चौकशी पथकाला सांगितलं, की ते काम त्याला अधिकृतपणेच दिलं होतं. एफ-११७ वरून लोकांचं लक्ष हटवायचं होतं. कुणी काळं त्रिकोणी काहीतरी पाहिलंच, तर त्याने ते एलियनच्या खात्यात टाकावं, ही कल्पना.

म्हणजे सरकार एलियन लपवतंय असं लोक म्हणत होते आणि निदान या प्रकरणात तरी सरकारच एलियन पसरवत होतं.

एलियनचा फायदा कुणाकुणाला

खाण बंद पडली त्याच वर्षी, १९८८ मध्ये, एका जोडप्याने रेचेलमधला बार विकत घेतला. लझारच्या मुलाखतीनंतर गर्दी वाढली तेव्हा त्यांनी बारचं नाव बदलून ‘लिटल एलिइन’ केलं. एलियन आणि इन, म्हणजे खानावळ, असा शब्दखेळ. बाहेर पाटी लावली, पृथ्वीवासीयांचं स्वागत आहे. टंगस्टनने सोडून दिलेलं गाव एलियनने सांभाळलं.

मग राज्य सरकारही जागं झालं. १९९५ मध्ये रस्त्याला हे नाव द्यायचं विधेयक विधानसभेत आलं, पण सिनेटमध्ये अडकलं. पुढच्या वर्षी राज्याच्या वाहतूक मंडळाने ते काम करून टाकलं. नेमका त्याच उन्हाळ्यात हॉलिवूडचा ‘इंडिपेंडन्स डे’ येणार होता, ज्यात एरिया ५१ मोठ्या थाटात आहे. एप्रिल १९९६ मध्ये रेचेलला समारंभ झाला, गव्हर्नर बॉब मिलर आले, सिनेमावाले आले. काही पाट्या जमिनीवर आडव्या लावा म्हणजे एलियनना तिथे उतरता येईल, असा विनोद खुद्द गव्हर्नरांनी केला. लिटल एलिइनच्या बाहेर सिनेमाच्या कंपनीने एक कालकुपी बसवली, ती २०५० मध्ये उघडायची आहे.

आणि हे सगळं चालू असताना केंद्र सरकारच्या लेखी तिथे एरिया ५१ नावाचं काही नव्हतंच. राज्य सरकार ज्या जागेच्या नावाने पर्यटक बोलावतंय, ती जागा आहे असं मान्य करायला केंद्र तयार नव्हतं. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून ते नाव जाहीरपणे यायला २०१३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बराक ओबामांनी ते एका पुरस्कार सोहळ्यात घेतलं, तेही गमतीत.

सोशल मीडियाचा हात लागल्यावर काय होतं, ते २०१९ मध्ये दिसलं. जूनमध्ये एका तरुणाने फेसबुकवर इव्हेंट टाकला. सगळे मिळून एरिया ५१ मध्ये घुसू, ते सगळ्यांना अडवू शकत नाहीत. निव्वळ गंमत होती, पण २० लाखांहून जास्त लोकांनी ‘येतोय’ दाबलं. लिंकन काउंटीची लोकसंख्या साधारण पाच हजार. पाणी, संडास, दवाखाना, पोलीस, कशाचाच हिशोब लागेना. प्रशासनाने आणीबाणीची तयारी करून ठेवली आणि हवाई दलाने इशारा दिला. २० सप्टेंबरच्या पहाटे प्रत्यक्ष गेटपाशी पोचले दीडशेच्या आसपास. आजूबाजूच्या मेळ्यांना मिळून काही हजार आले. आत कुणी घुसलं नाही. फोटो काढले, मीम केले, घरी गेले.

ज्यांचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं नाही

या सगळ्या गर्दीत एक खटला मात्र कुणाच्या टाइमलाइनवर आला नाही.

१९९४ मध्ये ग्रूम लेकवर काम केलेल्या काही कामगारांनी आणि दोन विधवांनी कोर्टात दावा टाकला. त्यांचं म्हणणं साधं होतं. तळावर उघड्या खड्ड्यांत विषारी कचरा जाळला जायचा, गुप्त विमानांच्या लेपातली रसायनंही त्यात असायची, आणि तो धूर त्यांच्या छातीत जायचा. अंगावर पुरळ यायची, कातडी माशाच्या खवल्यांसारखी व्हायची, खोकला जायचा नाही. रॉबर्ट फ्रॉस्ट हे पत्राकाम करणारे कामगार १९८९ मध्ये, ५७ व्या वर्षी गेले. त्यांच्या शरीरातल्या ऊती तपासल्या तेव्हा डायऑक्सिनसारखी घातक रसायनं सापडली. गुप्ततेच्या शपथेमुळे घरी किंवा डॉक्टरलाही कामाबद्दल काही सांगायची चोरी होती.

त्यांनी मागितलं काय? काय जाळलं त्याची माहिती, म्हणजे डॉक्टरला उपचार ठरवता येतील. सरकारने सांगितलं, तिथे काय आहे हे सांगितलं तर राष्ट्रीय सुरक्षा धोक्यात येईल. तळाचं नाव काय, एवढंसुद्धा सरकारी वकील कोर्टात बोलेनात. कामगारांचे वकील जोनाथन टर्ली लढत राहिले. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आदेश काढला आणि ‘ग्रूम लेकजवळच्या हवाई दलाच्या तळाला’ प्रदूषणाची माहिती उघड करण्याच्या कायद्यांतून सूट दिली. १९९८ मध्ये अपील कोर्टाने कामगारांचं म्हणणं फेटाळलं, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

तारखा शेजारी ठेवून बघा. सूट देणारा आदेश सप्टेंबर १९९५ चा, हायवेचा समारंभ एप्रिल १९९६ चा. मध्ये सात महिने. तबकड्यांची पाटी लागली तेव्हा हेच कामगार वरच्या कोर्टात भांडत होते.

तळाच्या आसपासची जागाही हळूहळू आवळली गेली. फ्रीडम रिज आणि व्हाइट साइड्स या टेकड्यांवरून तळ दिसायचा, एप्रिल १९९५ मध्ये त्या हवाई दलाने ताब्यात घेतल्या. तळाला लागून एका कुटुंबाची १८८९ पासूनची खाण होती, ती २०१५ मध्ये सक्तीने संपादित केली. आता तळ बघायचा तर टिकाबू शिखर चढायचं, तिथून तो ४० किलोमीटरहून लांब आहे. चांगली दुर्बीण लागते, आणि हवा तापली की तरीही धूसरच दिसतो.

जायचं असेल तर

हायवेवरून गाडी चालवायला कसलीही परवानगी लागत नाही. लास व्हेगासहून रेचेल साधारण २४० किलोमीटर, एका दिवसात जाऊन येता येतं. टाकी फुल करूनच निघायचं, पाणी भरपूर घ्यायचं. मधल्या बऱ्याच पट्ट्यात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवायचा. वाटेत हायकोजवळ पत्र्याच्या अर्धगोल गोदामासमोर उंच चंदेरी एलियन उभा आहे, फोटोसाठी सगळे तिथे थांबतात.

हायवे सोडून तळाकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांना लागलं, तर पुढे हद्दीच्या पाट्या येतात. तिथे कुंपण नसतं, टेकडीवर गाडी लावून बसलेले पहारेकरी असतात आणि ते खाली येऊन तुमच्याशी बोलत नाहीत. पाटी ओलांडली की काउंटीच्या पोलिसांना बोलावतात आणि पुढचं काम पोलीस करतात. २०१९ मध्ये, त्या फेसबुकवाल्या तारखेच्या दहा दिवस आधी, नेदरलँड्सचे दोन युट्युबर शेजारच्या अणुचाचणी क्षेत्राच्या हद्दीत शिरले आणि थेट कोठडीत गेले. सोबतचे कॅमेरे, मोबाईल आणि ड्रोनही तपासणीत गेले.